सागाआडचा डबा

आमशाला कोणी येडा म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा खालून एक शिकलेला माणूस आला, गाडी लावून माझ्या हॉटेलात बसला. बाहेरच्या बाकड्यावर आमशा बसलेला, डोंगराकडे तोंड करून. हा मला डोळ्यांनी खुणावून विचारतो, "अंधश्रद्धेपायी बायको घालवली, तो डबेवाला हाच का?" मी म्हटलं, "उठा." म्हणे, काय झालं? म्हटलं, "काही झालं नाही, उठा आणि चालू लागा." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

पाड्यातले लोक तरी कुठे कमी आहेत. त्यांचं म्हणणं, पूजेच्या आधी यानं हिरव्या फांदीला दोरी लावली, म्हणून देव कोपला. शिकलेले म्हणतात, देवाला भ्यायला म्हणून बायको गेली. पाडा म्हणतो, देवाला भ्यायला नाही म्हणून गेली. दोघं मिळून एका माणसाला भरडतात. मी सगळं डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला कोणाची भीड नाही, म्हणून मीच सांगते.

मी रंजनाबाई. तोरणमाळचा घाट लागायच्या आधी नाल्यावर पूल आहे, त्या पुलाच्या तोंडाशी माझं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, भजी आणि चहा. मी खालची, शहाद्याकडची, माझी बोली अहिराणी. नाल्याच्या पलीकडे चढावर मोहपाडा, तिथली माणसं पावरा. घरात पावरी बोलतात, माझ्याशी मोडकीतोडकी अहिराणी. भांडणापुरती दोघांनाही पुरते.

आमशा त्या पाड्यातला. नाल्याला लागून त्याचं वावर. दिवाळी झाली की बायकोला, कालीबाईला, घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जायचा, होळीला परत. काठी गावची मोठी होळी त्यानं कधी चुकवली नाही, मजुरी बुडाली तरी चालेल. अंगानं काटकुळा, बोलायला लाजाळू, आणि एका गोष्टीचा कायमचा धसका घेतलेला. त्याचा थोरला भाऊ इंद्रसिंग याच नाल्यात वाहून गेला. त्या साली पावसाळ्यातही आमशा गुजरातेत बांधकामावर राहिला होता. खबर पोचून तो येईपर्यंत सगळं उरकलं होतं, भावाचं तोंडसुद्धा दिसलं नाही. तेव्हापासून वर डोंगरावर ढग बसला की हा माणूस जेवायचा नाही.

आमचा नाला तसा खोटारडा आहे. इथं लख्ख ऊन आणि वर डोंगरावर धो धो कोसळत असतं, खाली थेंब नाही. मग एकदम पाणी येतं. पूर्वी वरच्या पाड्यातले लोक हाळी द्यायचे. एकानं ओरडायचं, त्याच्या खालच्यानं ऐकून पुढे ओरडायचं, अशी हाळी उतरत उतरत मोहपाड्यापर्यंत यायची. कधी यायची, कधी वाऱ्यात विरून जायची. इंद्रसिंगच्या वेळी नाही आली.

मग ते डबे आले. पुण्याकडची कुठली तरी संस्था, त्यांचा इंजिनिअर अजित. पोरगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. होळी नुकतीच झाली होती. वरपासून खालपर्यंत झाडांवर, खडकांवर त्यांनी पांढरे डबे लावले. काही पाणी मोजणारे, काही नुसते निरोप पुढे ढकलणारे. शेवटचा मोठा डबा माझ्या पत्र्यावर, कारण मोबाइलची रेंज काय ती इथंच, आणि त्याच्याशेजारी भोंगा. वर पाणी वाढलं की निरोप डब्याडब्यातून खाली यायचा आणि भोंगा वाजायचा.

अजित चहा पिता पिता समजावून सांगायचा. म्हणे, "मावशी, एकेका डब्याचा आवाज बारीक, वरून खाली एका दमात पोचत नाही. म्हणून शेजारच्याला सांगायचं, त्यानं पुढच्याला. आणि बॅटरी पुरावी म्हणून डबे बहुतेक वेळ झोपलेले असतात. अधूनमधून जागे होतात, बोलतात, परत झोपतात."

"मंग सरकारी नोकरच म्हणा की!" मी म्हटलं. तो पोट धरून हसला.

पण आमशा हसला नाही. त्याला राखणदार नेमलं होतं, डबे पुसायचे, बॅटरी बदलायची. त्याला सगळ्यात नवल वाटलं ते पहिल्या दिवसाचं. डबे चालू केले आणि कोणी कोणाची ओळख करून न देता त्यांनी एकमेकांना हुडकून काढलं. कोणाशी बोललं तर बॅटरी कमी जाते, तेसुद्धा आपलं आपणच ठरवलं. अजित त्याला म्हणाला, "काका, एक वाट बंद झाली तर जाळं दुसरी वाट शोधतं. तुम्ही निर्धास्त राहा." निर्धास्त! हा शब्द आमशानं घरी नेऊन कालीला ऐकवला असणार, कारण दुसऱ्या दिवशी तीच मला सांगत होती.

काली म्हणजे आमशाच्या अगदी उलट. तोंडाळ, हसरी, कामाला भारी. त्या वर्षी पहिल्यांदा दोघांनी ठरवलं, आता गुजरातेत जायचं नाही. नवरा घरी राहणार, डोंगरावर कामाला जाणार, याचा तिला कोण आनंद! "मन्हा नवराना भोंगा," असं म्हणायची, जसा काही त्यानंच घडवला. मी चिडवायची, "काय गं, रात्री उशाशी घेऊन झोपतेस का भोंगा?" तर म्हणायची, "तुन्हा पत्र्यावर शे ना, तूच झोप!"

चैतात एकदा अवकाळी आला आणि भोंगा खरंच वाजला. बायका धुणं टाकून पळाल्या आणि मागून पाणी आलं, दगडगोटे घेऊन. त्या दिवशी आमशा इथं येऊन रडला. भावाच्या वेळचं सगळं रडला. मला म्हणाला, "ताई, आता कोणी जाणार नाही." त्यानं पाड्यात तसं सांगितलंही. लोकांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि वरच्या पाड्यातल्यांनी हाळी द्यायचं सोडून दिलं. गळा फाडून ओरडायचं कशाला, भोंगा आहे ना!

इथंच घात झाला. पण तो कोणाला दिसला नाही, मला नाही, आमशाला नाही, त्या अजितलाही नाही.

डबे लावले तेव्हा होळी होती. तेव्हा सागाला पान नसतं, नुसत्या काड्या उभ्या असतात. मधल्या उतरणीवरचा डबा एका सागावर बांधलेला, त्याच्यातूनच बहुतेक निरोप खाली यायचे. मृग लागला आणि साग फुटला. सागाचं पान केवढं असतं ते मी काय सांगायचं, आम्ही त्यावर जेवतो. ती पानं डब्यासमोर आली, पावसानं भिजली, आणि डब्याचा बारीक आवाज त्या ओल्या पानांत अडकायला लागला. दरवर्षी साग फुटताना आम्ही बघतो, पण पानाआड आवाज अडतो हे कोणाच्या ध्यानीमनी येणार?

जाळ्यानं दुसरी वाट शोधली, अगदी अजित म्हणाला होता तशीच. बाजूला एका खडकावर एकटा डबा होता. वरचे सगळे डबे आपले निरोप त्याच्या अंगावर टाकायला लागले. सगळ्यांचं बोलणं त्या एकट्यानं वाहायचं. बाकीचे आरामात झोपतात आणि हा सारखा जागा. त्याची बॅटरी भराभर उतरायला लागली.

अजितनं तिकडे बसून कॉम्प्युटरवर पाहिलं आणि फोन केला. माझ्याच फोनवर यायचे त्याचे फोन. "काका, सागावरच्या डब्यासमोरची पानं तेवढी छाटून टाका. मग सगळं पहिल्यासारखं होईल."

आमशानं फोन कानाला धरून डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, निलीचारी झाली की लगेच छाटतो."

निलीचारी म्हणजे त्यांची हिरव्याची पूजा. पावसाळ्यात नवी हिरवळ आली की सगळं गाव मिळून ती पूजा करतं. तोवर नवं पान तोडायचं नाही, रानातली नवी भाजी खायची नाही, घरावर घालायला सागाची पानं आणायची नाहीत. त्या वर्षी पूजेचा दिवस ठरला होता, आणि वरच्या पाड्यातला म्हातारा खात्या वारला. त्याचे दिवस होईपर्यंत पूजा पुढे ढकलली. पुजारा उखा म्हणाला, गावात मयत असताना पूजा कशी करायची?

अजितला हे समजावून सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. म्हणाला, "ठीक आहे, तोपर्यंत खडकावरच्या डब्याची बॅटरी बदलत राहा. दुसरी वाट आहे ना, चालेल."

मला मात्र राहवेना. मी म्हटलं, "आमशा, मला नाही तुमची निलीचारी. मी चढते आणि तोडते पानं. मला काय होणार आहे?"

तो म्हणाला, "ताई, झाड आमच्या गावचं आहे. तोडणारा कोणी असला तरी ते गावावर येतं."

मी तो विषय सोडला. मी तरी एकादशीला तुळशीचं पान तोडते का? नाही तोडत. मग त्याला कुठल्या तोंडानं शिकवू? ज्याला त्याला आपलं पान मोठं असतं.

पण आमशा नुसता हातावर हात ठेवून बसला नाही, हे त्या शिकलेल्या माणसाला कोणी सांगायचं? तो दोरी घेऊन सागावर चढला. एकही पान न तोडता, न फाडता, त्यानं फांद्या मागे ओढून बांधल्या. खाली आला तेव्हा हात सोललेले, अंगभर लाल मुंग्या चावलेल्या. वारा आला की गाठ सुटायची, फांदी परत डब्यासमोर. हा परत चढायचा. कालीनं मला येऊन सांगितलं, "रात्री झोपेतही हात असा करतो, गाठ मारल्यासारखा." ती हसत सांगत होती, पण तिला काळजी वाटत होती, मला कळलं ते.

पाड्यात कुजबूज सुरू झाली की हिरव्याला बांधलं म्हणजे तोडल्यासारखंच. उखानं त्याला बोलावून विचारलं. आमशा म्हणाला, "तोडलं नाही, बाजूला केलं." उखा म्हणाला, "ते तुझं तू जाण." झालं, आता दोन्हीकडची भीती. फांदी सुटली तर नाला, बांधली तर देव.

त्या दिवशी सकाळी अजितचा फोन आला. खडकावरच्या डब्याची बॅटरी कमी झाली आहे, दोन-तीन दिवस काढेल, पण बदलून टाका. नव्या बॅटऱ्या शहाद्याला येऊन पडल्या होत्या. आमशा पहिल्या जीपनं शहाद्याला गेला आणि दुपारी बॅटऱ्या घेऊन उतरला. मी म्हटलं, भाकरी खाऊन जा. तो डोंगराकडे बघत होता. वर काळं झालं होतं, इथं ऊन. म्हणाला, "आल्यावर खातो," आणि निघाला.

दोन-तीन दिवस म्हणाला होता अजित. पण पाऊस नसताना डबे झोपलेले असतात, आणि पाऊस पडायला लागला की सारखे बोलतात, हे त्यानंच मला सांगितलेलं. वर पावसानं जोर धरला, वरचा एकूण एक डबा बोलायला लागला आणि सगळं बोलणं त्या खडकावरच्या डब्यावर येऊन पडलं. रात्रीच्या वाऱ्यात सागावरची गाठही सुटली होती, ती वाट बंदच. खडकावरचा डबा दोन-तीन दिवस कसला काढतो? आमशा अजून चढावर होता, तोवर तो डबा मेला. वर पाणी भरत होतं, डबे निरोप घेऊन बसलेले, आणि पुढे सांगायला कोणी नाही. माझ्या पत्र्यावर सगळं शांत. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की नाल्याचं पाणी गढूळ व्हायला लागलं आहे.

काली वावरात निंदत होती. नाल्याच्या अगदी काठाला, ज्वारीत वाकलेली. पूर्वीचे दिवस असते तर वर काळं दिसल्याबरोबर ती चढून पाड्यात गेली असती. सगळेच जायचे. मी पुलावर पळत गेले आणि ओरडले, "काली! पानी येई ऱ्हायनं! निंघ वर!"

तिनं मान वर केली. मला बघून हसली. कमरेवर हात ठेवून ओरडली, "भोंगा कोठे वाजना?" कुठे वाजलाय अजून, असं तिचं म्हणणं.

"मरू दे तो भोंगा! गढूळ पानी शे, निंघ!"

"वाजना का निंघसू!" वाजला की निघेन म्हणे, आणि परत वाकली. अजून एक ओळ तर राहिली होती तिची. नवऱ्यावर केवढा विश्वास गं बाई तुझा! माझ्या डोळ्यांवर नाही, पाण्याच्या रंगावर नाही, तर त्याच्या भोंग्यावर. मी आणखी ओरडले, शिव्या दिल्या, दगड फेकून मारला तिच्या दिशेनं. तेवढ्यात वळणावरून पाणी आलं. मी पाणी पुष्कळ पाहिलं आहे, पण हे झाडं उभी घेऊन आलं. काली उठली, धावली. चार पावलं धावली असेल. तिचं लाल लुगडं एकदा दिसलं, मग नाही दिसलं.

मी पुलाच्या कठड्याला धरून तिथंच बसले. पाणी पायाखालून चाललं होतं. पाड्यातून माणसं उतरायला लागली, आमशाचा शेजारी रामसिंग, त्याची बायको, बाकीचे. कोणी काठाकाठानं खाली पळाले. मी बसूनच होते. आणि तेवढ्यात माझ्या पत्र्यावरचा भोंगा वाजायला लागला.

केवढा वाजला! वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. वाजतोय, वाजतोय, थांबायचं नाव नाही. रामसिंग पुलावर उभा राहून त्या भोंग्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानं दोन्ही कान हातांनी झाकले.

म्हणजे वर आमशानं नवी बॅटरी घातली होती. डबा जागा झाला, अडकलेले सगळे निरोप एकदम सुटले, आणि त्याला वरून, पावसातून, भोंगा ऐकू आला. तो काय समजला असेल याचा मी आजही विचार करते. तो समजला, जमलं. पाण्याच्या आधी जमलं.

तो उतरून आला तेव्हा अंधार व्हायचा होता अजून. ओलाचिंब, गुडघे फुटलेले, चढउतारानं छाती भात्यासारखी हलत होती. हॉटेलात मी एकटीच होते, बाकी सगळे खाली काठावर शोधत होते. नाला भरून चाललेला त्यानं पाहिला होता, पण त्याचं तोंड उजळलेलं. मी त्याला इतक्या वर्षांत तसा हसताना पाहिला नव्हता. दारातूनच म्हणाला, "वाजना ना भोंगा, ताई?"

मी त्याच्यासाठी झाकून ठेवलेली भाकरी उघडली आणि परत झाकली. त्यानं परत विचारलं, "वाजना ना? काली निंघी गई ना वर?"

मग मी बोलले. खोटं बोलून त्याला पाड्यावर चढवायचं आणि तिथं दुसऱ्या कोणी सांगायचं, हे मला नको होतं. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "वाजना रे भाऊ. पन ती गई, मंग वाजना."

त्यानं हात सोडवून घेतले नाहीत. हसू तसंच होतं तोंडावर, ते काढायचं त्याला सुचलंच नाही.

"नही ताई," तो म्हणाला. "मी आयका ना भोंगा. वरथून सोता आयका मी."